खिळ्यावरचं हेड

म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रोडला नाथा निकमचं गॅरेज आहे. त्याच्या दारात, शटरच्या बाजूला, एका जाड खिळ्यावर इंजिनाचं एक हेड टांगलेलं आहे. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. त्याच्याच पोटाशी पेट्रोल पेटतं. हे टांगलेलं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि त्याची सपाट बाजू वाळवीनं खाल्ल्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची. अकरा वर्षं ते तिथंच आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणूनच ते टांगलंय, आणि कुणी विचारलं नाही तर नाथा स्वतःच विषय काढतो. माणूस नुसती चाकात हवा भरायला आलेला असला तरी त्याची सुटका नाही.

"ते बघितलं का? आमच्या मेहुण्याची कलाकारी," नाथा सुरू करतो. "सोड्याच्या टबात त्यानं मूठभर कॉस्टिक टाकलं. का, तर काम लवकर उरकावं. कॉस्टिक लोखंडाला चालतं, अ‍ॅल्युमिनियमला खातं, हे कुणालाही कळतं. ह्याला नाय कळलं. भागीदार होता माझा. हाकलला."

मग तो पान्यानं हेडवर एक टिचकी मारतो, ते दोन झोके खातं, आणि गिऱ्हाईक मान हलवतं. असं किती जणांनी ऐकलं असेल त्याचा हिशेबच नको. वणी-कळवणकडून नाशकात येणारी निम्मी वाहनं ह्याच रस्त्यानं येतात. वणीच्या बसस्टँडवरच्या चहावाल्यालासुद्धा ही गोष्ट पाठ आहे, आणि त्याच्याकडे साधी सायकल नाही.

नाथाच्या हाताला मात्र नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. कार्बन काढावा तर त्यानंच. इंजिनात पेट्रोल आणि ऑईल जळून जळून जी काळी, दगडासारखी खरपुडी बसते तो कार्बन. दुसरे लोक ड्रिलला तारेचा ब्रश लावून तो घरंघरं उडवतात आणि त्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमही उडवतात. कुणी सँडपेपर मारतं, त्याची वाळू व्हॉल्व्हच्या भोकात जाऊन बसते आणि पुढे इंजिन स्वतःला घासून घासून मरतं. नाथा ह्या सगळ्यांसाठी एकच शब्द वापरायचा, तो शब्द इथं लिहिण्यासारखा नाही. त्याची पद्धत त्याच्या बापाची, कोंडाजी निकमची. आधी रात्रभर डिझेल पाजायचं. मग बांबूची तासलेली पट्टी घ्यायची, लोखंडाची नाही, आणि नखानं भाताची खरपुडी सोडवावी तसं सोडवत जायचं. बांबू भिजलेल्या कार्बनपेक्षा कडक पडतो आणि अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा उठत नाही. शेवटी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा कालवून अर्धा तास बुडवायचं, चिकट काळं सुटलं की काढून स्वच्छ पाण्यानं धुवायचं. अर्धा तास. बापानं अर्धा तास सांगितला होता, का ते सांगितलं नव्हतं, आणि नाथानंही कधी विचारलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या सोमवारी डॉक्टर ज्योत्स्ना गायकवाड कळवणहून गाडी घेऊन आल्या. जनावरांच्या डॉक्टर. गाडी त्यांच्या वडिलांची, जुनी पेट्रोलची, कंपनीनं जिचे पार्ट बनवणं कधीच सोडून दिलंय अशी. चढाला लागली की खडखडायची आणि चावी बंद केल्यावरही दोन झटके देऊन मगच मरायची. नाथानं ऐकूनच सांगितलं, कार्बन.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "ह्या हेडचा फेस, म्हणजे ही सपाट बाजू, बाबांच्या वेळी दोनदा मशीनवर घासून घेतलाय. मशीनवाल्यानं तेव्हाच सांगितलं होतं की आता तिसऱ्यांदा घासायला धातू शिल्लक नाही. दुसरं हेड मी भंगारात, मुंबईत, सगळीकडे शोधलंय. मिळत नाही. त्याला ओरखडा आला तर गाडी संपली."

"माझ्याकडे ओरखडा येत नसतो."

"पुढच्या सोमवारपासून माझं लसीकरण आहे. वीस पाडे आहेत, तिकडे एसटी जात नाही. रविवारी गाडी हवी."

"रविवारी घेऊन जा."

मग अर्थातच त्यांनाही खिळ्यावरचं हेड दाखवण्यात आलं. मेहुणा, मूठभर कॉस्टिक, हाकलला. डॉक्टर बाई शांतपणे ऐकत होत्या. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं कबूल केलं होतं?"

"तो काय कबूल करतो. म्हणे रात्रभर सोड्यात राहिलं म्हणून झालं. सोड्यानं. म्या सोड्यात शेकडो हेडं धुतलीत."

हा मेहुणा म्हणजे प्रफुल्ल पगार, नाथाच्या धाकट्या बहिणीचा, उज्वलाचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी झालं होतं ते असं. खंडेनवमीला सकाळी नाथानं हेड सोड्यात सोडलं, तेवढ्यात हत्यारांची पूजा लागली. निकमांच्या गॅरेजात एक नेम होता आणि आहे: पूजा झाली की पान्यापासून टबापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. हेड टबातच राहिलं. दसऱ्याला आधी प्रफुल्ल आला, त्यानं ते बाहेर काढलं, आणि नाथा आला तेव्हा त्याच्या हातात खड्डे पडलेलं हे हेड होतं. नाथानं विचारलं नाही, थेट निकाल दिला. चार गिऱ्हाइकं उभी होती, उज्वला भावाला सोनं द्यायला आपट्याची पानं घेऊन आली होती, तिच्यासमोर तो तिच्या नवऱ्याला चोर म्हणावं तसं बोलला. कामचोर, लबाड, माझ्या बापाचं नाव बुडवणारा. उज्वलानं पानं परत पदराला बांधली आणि नवऱ्याबरोबर चालती झाली. त्यानंतर ती ना दसऱ्याला आली ना भाऊबीजेला.

बुधवारी खंडेनवमी. डॉक्टर बाईंच्या हेडवरचा कार्बन सोमवारी रात्रभर डिझेल पिऊन मऊ झाला होता. मंगळवारी दिवसभर नाथानं बांबूनं कार्बन सोडवला, आणि असा सोडवला की पेट्रोल पेटायचा खळगा आतून चांदीच्या वाटीसारखा दिसायला लागला. बुधवारी अकराला त्यानं हेड सोड्याच्या टबात सोडलं. पाणी कोमट होतं, सोडाही त्याच्या हातानं मोजून घातलेला. गॅरेजात तो एकटाच होता. प्रफुल्ल गेल्यापासून त्यानं दुसरा माणूस ठेवलाच नव्हता, कुणाचं कामच त्याला पसंत पडायचं नाही.

साडेअकराला सिंधुबाई, त्याची बायको, पूजेचं ताट घेऊन आली. झेंडूची फुलं वाहिली, पाने मांडले, जॅकला हळद, कॉम्प्रेसरला हार, टबाला कुंकवाची बोटं. नारळ फुटला. आरती अर्ध्यात आली आणि सिंधुबाईचं लक्ष टबाकडे गेलं.

"अहो, ह्यात काय बुडलंय?"

"डॉक्टरीणबाईचं हेड."

"मग काढा ना आधी. खारं पाणी हे ते."

इथं नाथाला हेड काढता आलं असतं. आरती थांबवून, हात बुडवून, दोन मिनिटांचं काम. बापाचा नेम मोडला असता एवढंच, आणि बापही काही वरून बघायला येणार नव्हता. पण त्याच्या डोक्यात नेम नव्हताच. त्याच्या डोक्यात अकरा वर्षांपूर्वीचा प्रफुल्लचा चेहरा होता, टबाशेजारी उभा राहून सांगणारा, की सोड्यानंच झालं.

"राहू दे," तो म्हणाला. "पूजा लागली. अन् सोडा काय खातो अ‍ॅल्युमिनियमला? उद्या काढू, अजून चकचकीत निघंल. त्याचं खोटं एकदाचं उघडं पडू दे."

"कुणाचं खोटं? त्या बिचाऱ्याला कशाला मधी आणताय? दुसऱ्याची वस्तू हाय ती."

"तू आरती म्हण."

सिंधुबाईनं आरती म्हटली, पण ती चिडली होती ते सुरावरून कळत होतं. मग नाथानं शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि एकुलती एक किल्ली कडदोऱ्याला अडकवली. त्या रात्री तो छान झोपला.

दसऱ्याला तो आणि सिंधुबाई म्हसरूळच्या वेशीबाहेर जाऊन आले, आपट्याची पानं आणली, दुपारी दोनला त्यानं शटर वर केलं. टबातलं पाणी गढूळ, राखाडी झालं होतं. कडेला बारीक बुडबुडे साचले होते. नाथानं बाही वर केली, हात घातला आणि हेड बाहेर काढलं.

ते काळवंडलं होतं. आतला चांदीसारखा खळगा करपलेल्या तव्यासारखा झाला होता. ते एक वेळ घासून निघालं असतं. पण सपाट फेसवर, जिथं कागदाएवढासुद्धा धातू काढायला जागा नव्हती, तिथं बोटाला लागावेत असे खड्डे पडले होते. पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या गेल्या होत्या. नाथानं फडक्यानं पुसलं, परत पुसलं, चष्मा लावला, काढला. मग तो दारात गेला आणि खिळ्यावरचं हेड पाहिलं. मग हातातलं. आजोबा आणि नातू म्हटलं असतं कुणीही.

पहिल्यांदा त्याला बायकोचा राग आला.

"तू काय टाकलं त्याच्यात?"

सिंधुबाई पूजेची फुलं उचलत होती. तिनं हातातली फुलं ताटात ठेवली. "मी? किल्ली कुणाच्या कमरेला होती?"

"मग पुड्यातच भेसळ असंल. दुकानदार हल्ली काय वाटेल ते भरतात."

"त्याच पुड्यातला सोडा मी काल घरी धुण्याला वापरला. लुगडं जळलं का माझं?" ती उठून जवळ आली आणि हेडवरून बोट फिरवलं. "जर्मनचं पातेलं सोड्याच्या पाण्यात रातभर ठिवलं तर काळं पडतं अन् तळाला भोकं पडतात. कोणत्याबी बाईला विचारा. अर्धा तास ठिवलं तर निसतं साफ होतं. म्हणून जर्मनच्या भांड्यात कुणी खार भिजत घालत नाय. हे बी जर्मनच, अ‍ॅल्युमिनियमच ना?"

"तुला एवढं कळत होतं तर तेव्हा का नाय बोलली?"

"बोलले होते. ह्याच जागेवर उभी राहून बोलले होते. तुम्ही म्हणाले, बायकांनी इंजिनात तोंड घालू नये."

नाथाला हे आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणजे खरंच आठवत नव्हतं, आणि त्याच वेळी त्याला कळत होतं की असं आपण म्हटलं असणार, कारण आजही तेच तोंडावर आलं होतं. तो पालथ्या घातलेल्या डब्यावर बसला. कुणाच्या अंगावर ढकलावं असं माणूसच उरलं नव्हतं. किल्ली त्याची, सोडा त्याचा, हात त्याचा. अकरा वर्षं तो ज्याच्या नावानं हे हेड टांगून बसला होता त्यानं त्या वेळी अक्षरन्अक्षर खरं सांगितलं होतं.

आणि रविवारी डॉक्टर बाई येणार होत्या.

फेस घासता येत नव्हता. दुसरं हेड मिळत नव्हतं. एकच रस्ता होता: खड्डे अर्गन वेल्डिंगनं भरायचे, वर आलेला धातू हातानं इंचाइंचानं घासून जुन्या पातळीला आणायचा. एवढं पातळ, इतकं जुनं, तेल मुरलेलं अ‍ॅल्युमिनियम न वितळवता भरणारा माणूस नाशकात कोण, हे नाथाला माहीत होतं. अख्ख्या सातपूरला माहीत होतं. इथून हाकलल्यावर प्रफुल्लला कुणी इंजिनाला हात लावू दिला नव्हता. नाथानं तशी व्यवस्थाच केली होती. मग तो सातपूरला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला, तिथं वेल्डिंग शिकला, आणि आता घराखालीच त्याचं छोटं शेड होतं.

"मी येते बरुबर," सिंधुबाई म्हणाली.

"नको."

"मग जाताना गप राहायचं. तुमचं तोंड उघडलं की काम बिघडतं."

नाथानं हेड गोणपाटात गुंडाळलं, स्कूटरवर पायाशी ठेवलं. निघताना खिशात चार आपट्याची पानं टाकली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. रस्ताभर तो एकच ठरवत होता: परत आल्याबरोबर खिळ्यावरचं ते हेड काढायचं आणि भंगारात देऊन टाकायचं. कुणाला काही बोलायला नको, कुणी काही विचारायला नको.

सातपूरला दार उज्वलानं उघडलं. अकरा वर्षांत केस पिकले होते. तिनं भावाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या गोणपाटाकडे पाहिलं.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाय. दाजी हायेत का?"

"कुणी गेल्याशिवाय तू ह्या दारात यायचा नाहीस असं मी धरून चालले होते."

नाथानं खिशातली पानं काढून पुढे केली. तिनं हात पुढे केला नाही. दोन्ही हात तसेच बाजूला ठेवून ती उभी राहिली, मग म्हणाली, "खाली शेडमध्ये आहेत. जिन्यानं जा. घरातून नको."

प्रफुल्ल शेडमध्ये वेल्डिंगच्या मशीनला हार घालत होता. नाथाला बघून त्याचा हात थांबला नाही. हार नीट बसवला, अगरबत्ती लावली, मग वळला. नाथानं गोणपाट टेबलावर उलगडलं.

प्रफुल्लनं हेड उजेडाकडे धरलं. अंगठ्याचं नख एका खड्ड्यात घातलं. खळग्यात बोट फिरवलं.

"कार्बन छान काढलाय," तो म्हणाला. "किती तास होतं?"

"काल अकरापासून आज दोनपर्यंत."

"कशात?"

"सोड्यात."

"नुसत्या?"

"नुसत्या."

"कॉस्टिक कोणी टाकलं?"

नाथाचे कान तापले. "नाय टाकलं कुणी."

"बघा आठवून. एखादी मूठ पडली असेल. घाई असते माणसाला."

"दाजी, गॅरेजात मी एकटा होतो. किल्ली माझ्याकडे होती. झालं माझ्या हातानं. तेव्हाबी..."

"तेव्हाबी काय?"

"तेव्हाबी माझ्याच हातानं."

प्रफुल्लनं हेड खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर ना समाधान होतं ना काही. नाथाला वाटलं होतं तो ओरडेल; ओरडला असता तर बरं झालं असतं, नाथालाही ओरडता आलं असतं.

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं," प्रफुल्ल म्हणाला. "घरी एक फुटका पिस्टन सोड्यात ठेवून बघितला रात्रभर. सकाळी हेच खड्डे. पिस्टन घेऊन तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही शटरच्या आतून म्हणालात, असल्या माणसाला दारात उभा करत नसतो मी. आठवतं?"

हे नाथाला आठवत होतं.

"पाच वर्षं लोखंडाची गेटं जोडली मी. आजही कुणी इंजिन आणलं की आधी नाव विचारतो, पगार का, म्हसरूळवाले, आणि उचलून घेऊन जातो. हे कुणाचं आहे?"

"कळवणच्या डॉक्टर बाईचं. जनावरांच्या. सोमवारी त्यांना गाडी लागते, पाड्यांवर जायला."

"त्यांच्यासाठी करतो. शनिवारी रात्री न्या. पण एक अट आहे."

"सांगा दाजी, काय बी."

"दाजी म्हणू नका. ते हेड खिळ्यावरून काढायचं नाही."

नाथाला पहिल्यांदा नीट ऐकू आल्यासारखंच वाटलं नाही. "कशाला? म्या आता जाऊन काढणारच होतो. भंगारात घालतो."

"भंगारात घातलं की तुमचं संपलं. लोकांच्या डोक्यात ते माझ्याच नावानं राहणार. ते तिथंच टांगलेलं राहील. कुणी विचारलं की खरं सांगायचं. नाही विचारलं तर तुम्ही स्वतः विषय काढायचा, जसा आजपर्यंत काढत आलात तसा. हवा भरायला आलेल्यालासुद्धा."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं. मग काढा."

नाथा अठ्ठावन्नचा होता. त्यानं मनात बेरीज केली आणि त्याला संताप आला, खरा संताप. ह्याच्या बापाचं काय जातं, म्हातारपणी मला चारचौघांत नागवायला? त्यानं गोणपाटाचं टोक हातात धरलं, हेड गुंडाळून न्यायला. मग त्याला रविवार दिसला, आणि वीस पाडे, आणि हातात बॅग घेऊन एसटी नसलेल्या रस्त्यावर उभी असलेली बाई, आणि त्यानं गोणपाट सोडलं.

"बरं," तो म्हणाला.

वर जिन्यात उज्वला उभी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. नाथानं पुन्हा पानं काढली नाहीत, जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि निघून आला. तिनं ती उचलली का फेकली, हे त्याला कधीच कळलं नाही.

शनिवारी रात्री प्रफुल्लनं हेड दारातूनच दिलं. नाथानं घरी आणून काचेवर पालथं घातलं, खालून कागद सरकवून पाहिला. कुठंच सरकेना, इतका फेस सपाट. वेल्ड केलेल्या जागा जरा उजळ दिसत होत्या, तेवढीच खूण. असं काम आपल्याला जमलं नसतं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण रात्री जेवताना त्याचं पानात लक्ष नव्हतं. रविवारी सकाळपर्यंत इंजिन जोडून झालं. चावी फिरवली, लागलं. बंद केली, जागच्या जागी थांबलं.

डॉक्टर बाई अकराला आल्या. दिंडोरी रोडला चढ नाही म्हणून त्यांनी जागेवरच अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघितला, खडखड नव्हती, आणि त्या पहिल्यांदाच जरा हसल्या.

"ओरखडा नाही ना आला?"

आता विषय काढायचा होता. नाही आला, एवढे दोन शब्द म्हटले असते तर त्या गाडी घेऊन गेल्या असत्या, आणि ते दोन शब्द खोटेही नव्हते. दारात सिंधुबाई डबा घेऊन आली होती, ती थांबली. तिला अट माहीत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"डॉक्टर," नाथा म्हणाला, "ते खिळ्यावरचं बघितलं होतं ना तुम्ही."

"हो, तुमच्या मेहुण्याचं."

"ते माझंय."

त्यांना कळलं नाही.

"ते म्या केलेलं हाय. रात्रभर सोड्यात ठिवून. तो खरं बोलला होता, म्या त्याचं नाव घेतलं. अन् तुमचं हेडबी म्या तसंच ठिवलं बुधवारी. खड्डे पडले होते. गाडी संपली होती तुमची. त्यानं भरून दिलं."

गाडीचं इंजिन चालूच होतं. डॉक्टर बाईंनी हात लांबवून ते बंद केलं. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, मग नाथाकडे, आणि नाथाला वाटलं त्या आता बोलतील, ओरडतील, लोक जमतील. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, दुसरं मिळत नाही म्हणून."

"हो."

"तरी ठेवलंत."

"हो."

"का?"

ह्याला उत्तर होतं, आणि ते नाथाला चांगलं माहीत होतं, पण ते दिवसाउजेडी बायकोसमोर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. डॉक्टर बाईंनी पर्समधून पेन आणि औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, वरचा कागद फाडून बॉनेटवर ठेवला.

"त्यांचा पत्ता लिहा. ह्यापुढे गाडी मी तिकडे नेत जाईन."

नाथानं पेन घेतलं. लिहायची सवय नव्हती, अक्षर वाकडं येत होतं. प्रफुल्ल पगार, सातपूर, मग गल्ली, मग खुणेचं मंदिर. खाली त्यानं लिहिलं, वेल्डिंगची कामे. ते लिहून तो थांबला. मग त्यावर आडवी रेघ मारली, आणि खाली, सावकाश, सुटं सुटं अक्षर काढत लिहिलं: इंजिनची सर्व कामे.

डॉक्टर बाईंनी कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गाडी काढली. रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. गाडी गेली त्या जागी एक मोटारसायकल येऊन थांबली, वणीकडचा कुणी माणूस, मागच्या चाकात हवा कमी. नाथानं कॉम्प्रेसर चालू केला, नळी चाकाला लावली. माणूस इकडेतिकडे बघत होता. त्याची नजर वर गेली नाही.

सिंधुबाई डबा उघडून बसली होती.

"ते बघितलं का?" नाथानं त्या माणसाला विचारलं.